भर दुपारची बॅटरी

वाघमारेकाका भर दुपारी बॅटरी पेटवून पाण्यात बघत. ऊन असं की अंगणाकडे बघवत नाही, आणि हा माणूस हातात पेटलेली बॅटरी घेऊन उभा. पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा लातूरहून नांदेडला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते, सामानाची खोकी अजून उघडायची होती. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून मला दिसलं, साठी ओलांडलेला एक काटक माणूस आमच्या परसातल्या हौदावर वाकून पाण्यात उजेड टाकतो आहे. बेल वाजवलेली नाही, हाक मारलेली नाही. मागचं फाटक उघडून सरळ पाण्याकडे. हौदाचा काठ सगळीकडून बघून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि खिडकीतल्या मला म्हणाले, "बाळ, ह्या पाण्यात जीव पडलाय. घरात कोण मोठं हाय का?"

मी बावीस वर्षांची होते. मोठीच होते. पण तोंडातून शब्द निघाला नाही.

"इंग्लिश मीडियम का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मंग यस म्हण, न्हाई तर नो म्हण. मान हलवून अळ्या मरत न्हाईत."

त्यांचा अंदाज बरोबर होता. लातूरच्या माझ्या शाळेत मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवून वर्गाबाहेर उभं करत. इंग्रजी नीट येईना, मराठी बोलायची भीती, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. पुढे तो स्वभावच झाला.

तो हौद घरमालकांनी मोठ्या हौसेनं बांधलेला होता. गोल, मांडीइतका खोल, मध्यभागी सिमेंटचा बगळा. बगळ्याच्या चोचीतून कारंजं उडायचं म्हणे. आम्ही आलो तेव्हा पंप जळून कित्येक वर्षं झाली होती. पाण्यात कमळाचे वेल होते. मालक उदगीरचे आडत व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. श्रावणातल्या सोमवारी महादेवाला वाहायची कमळं ते याच हौदातून न्यायचे. घर देताना त्यांनी बाबांना एकच अट घातली होती, "घरात काय बी करा, हौद तेवढा कोरडा पडू देऊ नका." बाबांना बँकेत वेळ नव्हता, आईला सांधेदुखी. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत घरीच असायचे. हौद माझ्याकडे आला.

काकांचं घर आमच्या परसाला लागून होतं. मूळ गाव हिमायतनगरकडचं. हिवताप खात्यात पस्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले होते. काम एकच, घरोघरी जाऊन माठ, रांजण, हौद, टाक्या बघायच्या, अळ्या सापडल्या की पाणी ओतायला लावायचं, आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख आणि सही करायची. "भिंतीवरची तारीख म्हंजे आमचा शब्द," ते म्हणायचे. "मागून साहेब येतो. तो पाणी बघत न्हाई, भिंत बघतो. म्हणून भिंत खरी पाहिजे." बायको वारलेली, एकुलती एक मुलगी धर्माबादला शिक्षिका. घरात बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची रांग, आणि खिळ्याला लटकवलेली खाकी पिशवी. त्या पिशवीत बॅटरी, काठीला बांधलेली पळी आणि गेरूचा खडा असे. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी ती पिशवी खांद्याला लागायचीच.

"उन्हात बॅटरी कशाला?" हा मी त्यांना विचारलेला पहिला प्रश्न. विचारायला मला तीन आठवडे लागले.

"उन्हाचा उजेड पाण्याच्या वरवर राहतो बाळ. अळी तळाला जाऊन बसती. आपण वाकलो की आपली सावली पडती, ती आणखी खाली जाती. तिच्या मागं खाली जायला बॅटरी लागती." मग त्यांनी पळीभर पाणी उचलून माझ्यासमोर धरलं. दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी त्यात वळवळत होतं. "अंड्यापासून उडंपर्यंत आठ दिवस. आपण सातव्या दिवशी पोचलो की आपण जितलो. नवव्या दिवशी गेलो तर नुस्तं पाहुणचाराला गेलो."

त्यांनी मला हौद ठेवायला शिकवलं. पडलेलं पान त्याच दिवशी चाळणीनं काढायचं. पाणी बदललं तरी काठ काथ्यानं घासायचाच, कारण अंडी पाण्यात नसतात, काठाला चिकटलेली असतात. पाण्यात गप्पी मासे सोडायचे, पण त्यांना पाव-पोळी टाकायची नाही. अन्न कुजतं, उंदीर येतात, उंदरामागे दुसरं कोणी येतं. बेडूक दिसला की डब्यात धरून नाल्याकडे नेऊन सोडायचा. परसाच्या दुसऱ्या टोकाला पाखरांसाठी पसरट भांडं ठेवायचं, रोज धुऊन भरायचं. "त्यांचं पाणी त्यांना वेगळं दिलं की ते आपल्या पाण्यात तोंड घालत न्हाईत. मारायचं कुणाला बी न्हाई. जनावर आपल्या मनानं येत नसतं, आपण बोलावलेलं असतं. बोलावणं बंद करायचं."

या सगळ्याला एक वंचक जुमानत नसे. तो बगळ्याच्या जातीतला मातकट पक्षी सिमेंटच्या बगळ्याच्या पायाशी इतका निश्चल बसायचा की आई त्याला दगडच समजायची. आणि रोज दोन-चार गप्पी मासे गिळून जायचा. एकदा काका दोन दिवस गावाला गेले असताना मी माझ्या बुद्धीनं बाजारातून नायलॉनची जाळी मागवली आणि हौदावर पांघरली. कडा जमिनीवर सोडून त्यावर विटा ठेवल्या. वंचक आला, जाळीवर चोच मारून निघून गेला. मला फार आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाळीच्या कडेला काहीतरी फडफडत होतं. धामण होती. माझ्या उंचीपेक्षा लांब. मानेखाली तीन-चार ठिकाणी नायलॉन रुतला होता आणि सुटायला ती जितके पीळ घेत होती तितका तो आत जात होता. माझ्या किंकाळीनं काका कुंपणापलीकडून आले. आईला म्हणाले, "वहिनी, एक ओलं पोतं द्या, आन् भरतकामाची कात्री." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता हे मला माहीत होतं. त्यांनी पोत्यातून सापाची मान धरली आणि कात्री माझ्यापुढे केली.

"मी धरून राहिलो. तू काप."

"काका, मला नाही जमणार."

"मला दोरा दिसत न्हाई बाळ. मी कापला तर तिचं कातडं कापंल. विष न्हाई हिला. काप."

मी कापलं. एकेक दोरा. कात्रीचं टोक आणि खवले यांच्यात केसाइतकं अंतर, आणि त्याखाली कोणाचा तरी जोरजोरात चाललेला श्वास. शेवटचा दोरा तुटला तसं काकांनी पोतं नाल्याच्या बाजूला नेऊन सोडलं. एक लांब रेघ गवतात गेली. परत येऊन ते जाळी गुंडाळत म्हणाले, "जाळीचा काठ जमिनीला टेकला की ती जाळी राहत न्हाई, फास हुतो. लावायची तर हातभर वर, ताणून. मी पाइप आणून देतो." मग आईकडे वळले, "लेक लई धीराची हाय हो तुमची."

तो शब्द मला भोवला. बाबांनी बँकेत सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या ताईनं पोटावर हात ठेवून बाळाला सांगितलं, "बघ, तुझी मावशी सापाला घाबरत नाही." आणि खरं असं होतं की त्या दिवसापासून मला परसात पाऊल टाकवत नव्हतं. हौदाजवळ गेलं की हातातली कात्री आठवे. पण इतक्या जणांनी धीराची म्हटल्यावर भीती वाटते हे सांगायचं कोणाला? मी मुळातच सांगणारी नव्हते.

त्याच आठवड्यात काका डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे धर्माबादला निघाले. पाइप आणायचे राहूनच गेले. जाताना त्यांनी खाकी पिशवी माझ्या हातात दिली. आमच्या परसाच्या भिंतीवर, नळाच्या वर, त्यांच्या गेरूच्या तारखांची एक उभी रांग होती. तिच्याखाली बोट ठेवून म्हणाले, "आता हितून खाली तुझी. श्रावण लागून राहिला, आप्पाच्या कमळांपायी हौद भरलेला ठिवावा लागल. घरात पोटुशी हाय. बेस्तरवार चुकवू नको."

पहिल्या गुरुवारी मी बॅटरी घेऊन दारापर्यंत गेले. वंचक आपल्या जागी बसलेला होता, जाळी नव्हती. कमळाच्या पानाखाली काहीतरी हललं. बेडूक असेल, मासा असेल. मी धावत नळापाशी गेले, भिंतीवर तारीख घातली, सही केली आणि धावत आत आले. पाण्यात बघितलं नाही. दुसऱ्या गुरुवारीही तसंच. तिसऱ्या गुरुवारी मी बॅटरी घेतलीसुद्धा नाही, फक्त गेरू घेतला. दर वेळी संध्याकाळी धर्माबादहून फोन येई.

"बघितलंस का?"

"हो काका."

"काठ घासला?"

"हो."

"शाब्बास. माझी फिकर मिटली."

तिसऱ्या गुरुवारनंतरच्या शनिवारी ताईला ताप भरला. रविवारी सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, डेंग्यू. आठवा महिना चालू होता. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवावं लागेल, पेशी खाली जाऊन राहिल्यात, रोज दोनदा रक्त बघू. बाबा आणि आई ताईला घेऊन गेले. मी घर सांभाळायला मागे राहिले. बारा वाजता मागचं फाटक वाजलं.

काका त्याच सकाळी परतले होते, ताईचं त्यांना गल्लीतच कळलं होतं. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा हिरवा गडद चष्मा. वाकायचं नाही, उन्हात-धुळीत जायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं, हे मला त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं होतं. त्यांनी हौदाकडे पाहिलंच नाही. ते भिंतीपाशी गेले. चष्मा किंचित वर करून माझ्या तिन्ही तारखा एकेक करून वाचल्या, बोटानं चाचपल्या.

"म्हंजे पाणी आपलं न्हाई," ते म्हणाले. "गल्लीत दुसरीकडं कुठं तरी हाय. हुडकावं लागल. आण पिशवी."

मी पिशवी आणून दिली. मला तेव्हाच बोलता आलं असतं.

समोरच्या खोलीच्या खिडकीतून मी त्यांना जाताना बघत राहिले. पहिलं घर, दुसरं घर. प्रत्येक ठिकाणी ते वाकत होते. टायर उलटा करत होते, कुंडीखालची ताटली रिकामी करत होते. चष्मा वर करायचे, बॅटरी मारायचे, घाम पुसायचे आणि पुढे जायचे. चौथ्या घरी पवारबाईंचा आवाज चढला, तो मला खिडकीतूनही ऐकू आला.

"आमच्या टाकीत काय बघून राहिले तुम्ही? ज्यांच्या घरी आजारी हायत त्यांचा एवढा मोठा हौद हाय, तो बघा की आधी!"

"त्यांचं बघितलेलं हाय बाई. भिंतीवर लिहिलेलं हाय."

"भिंतीवर लिहायला काय लागतं? मी बी लिहिते! रिटायर झाले तरी खोड जाईना. व्हा भाईर."

"मला वरची टाकी तेवढी बघू द्या. झाकण हाय का तिला?"

"न्हाई. काय करायचं ते करा!"

काकांनी पवारबाईंच्या भिंतीला लावलेली लोखंडी शिडी धरली. एक पायरी चढले. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवताना चाचपडले, कारण त्या चष्म्यातून पायरी दिसत नसणार. मी दार उघडलं. पायांत चप्पल नव्हती, रस्ता तापलेला होता.

"काका, उतरा."

ते थांबले. पवारबाई वळल्या. दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"काका, उतरा. मी बघितलं नव्हतं."

"काय म्हणून राहिलीस?"

"पाण्यात बघितलं नाही. तिन्ही वेळा. नुसती तारीख लिहिली. मला... मला भीती वाटत होती."

काका उतरले. माझ्याकडे न बघता त्यांनी पवारबाईंना हात जोडले, "तरास दिला बाई. पण झाकण बसवून घ्या," आणि आमच्या घराकडे चालू लागले. मी चार पावलं मागे.

हौदात एकही मासा उरला नव्हता. वंचकानं सगळे संपवले होते. काकांनी पळी माझ्या हातात दिली, बॅटरी स्वतः धरली. पहिल्याच पळीत पाण्यापेक्षा वळवळ जास्त होती. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं.

"घाबरलीस तर घाबरलीस," ते इतकंच म्हणाले. "मला फोनवर सांगायचं होतं, काका, भ्या वाटतंय. मी पवाराच्या पोराला धाडलं असतं. भीतीला औषध हाय. खोट्या तारखंला न्हाई."

मग आम्ही हौद रिकामा केला. पाणी गटारीत नाही, तापलेल्या मातीवर, पातळ पसरून, म्हणजे अळ्या तिथेच वाळतात. कमळाचे कंद मी बादलीत काढले. त्यांना वाकू दिलं नाही, ते पायरीवर बसून सांगत राहिले आणि मी काथ्यानं काठ घासत राहिले, दोनदा. संध्याकाळी दवाखान्यातून बाबांचा फोन आला, पेशी आणखी उतरल्यात. मी फोन ठेवून पुन्हा घासायला लागले. तिसऱ्यांदा घासायची गरज नव्हती.

भिंतीवरच्या त्या तीन तारखा पुसायला मी ओलं फडकं घेतलं, तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. "पुसू नको. आडवी रेघ मार आन् राहू दे. पुसली तर तू इसरशील, मी बी इसरंन."

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. आप्पा कमळं न्यायला सकाळीच हजर झाले, कपाळावर भस्म, हातात वेताची परडी. कोरडा हौद बघून त्यांचा चेहरा उतरला. काका काही सांगणार तोच मी म्हणाले, "माझी ताई दवाखान्यात आहे आप्पा. हौद मी रिकामा केला." सलग दोन दिवस मी लोकांसमोर बोलत होते. आप्पांनी बादलीतल्या कंदांकडे पाहिलं, मग परडी खाली ठेवली. "महादेवाला बेल बी चालतो," ते म्हणाले. "पोरीला कुठल्या दवाखान्यात ठिवलंय?" आणि तसेच ताईला बघायला गेले.

पाचव्या दिवशी ताईच्या पेशी वर चढू लागल्या. पुढच्या महिन्यात तिला मुलगी झाली, ठणठणीत. ताईला चावलेला डास आमच्याच हौदातला होता का, हे कधीच कळलं नाही. मी काकांना एकदा विचारलं. "कळणार बी न्हाई," ते म्हणाले. "डास काय आधार कार्ड घेऊन येतो का? पण तुला रात्री झोप लागंल असं मी काही बोलणार न्हाई." त्यांनी माझं समाधान करायचा प्रयत्न केला नाही, हे मला पुढे फार मोलाचं वाटलं.

हौद पुन्हा भरला, मासे आले, जाळी हातभर वर ताणून बसली. भीती लगेच गेली नाही. पहिले काही गुरुवार काका पायरीवर बसून राहत आणि मी मोठ्यानं सांगत जाई: काठ बघितला, पानाखाली बघितलं, बगळ्याच्या पायाशी बघितलं. मी तारीख लिहिली की ते उठत, माझ्या हातातली बॅटरी घेत आणि मी जिथे जिथे बघितलं तिथे तिथे पुन्हा बघत. एकही गुरुवार त्यांनी सोडला नाही. दीड वर्ष. ते रागावलेले नव्हते, माझ्या आईच्या हातचा चहा पीत, ताईच्या मुलीला मांडीवर घेत, मला परीक्षेचं विचारत. पण माझ्या मागून ते पाणी बघत. आणि ते बरोबरच आहे असं मला दर वेळी वाटे.

गेल्या हिवाळ्यात काका धर्माबादला मुलीच्या घरी वारले. आम्ही तोवर लातूरला परत आलो होतो. मुलीचा फोन आला तेव्हा मला आठवला तो नांदेडच्या घरातला आमचा शेवटचा दिवस. तोही गुरुवार होता. ट्रक दारात उभा होता, बाबा घाई करत होते. मी मागे जाऊन हौद बघितला, नेहमीसारखा, पानं उचलून, बगळ्याच्या पायाशी वाकून. मग भिंतीवर तारीख लिहिली. आडव्या रेघांच्या त्या तीन तारखांखाली आता मोठी रांग झाली होती. काका फाटकातून आले. मी सवयीनं बॅटरी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. भिंतीपाशी गेले, ताजी तारीख वाचली, हौदाकडे पाठ करून उभे राहिले.

"बघत नाही का काका?"

"कशाला? लिहिलंय की तू."

ते फाटक ओढून गेले. ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी बॅटरी पेटवली आणि पुन्हा एकदा वाकून पाण्यात बघितलं.